पाठमोरा राजा

ता. कराड,
होळीनंतरचा गुरुवार

प्रिय क्रांती,

रविवारीच तर फोनवर बोललो, आणि आता आबांचं पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण पोरी, फोन हातात आला की माझ्या तोंडून तीनच वाक्यं निघतात. जेवलीस का, तब्येत कशी आहे, आईला देतो. पलटणीत असताना मी तुला चार-चार पानं लिहायचो. तू तेव्हा दुसरीत होतीस आणि आईकडून वाचून घ्यायचीस. लेहच्या थंडीत पेनातली शाई गोठायची, म्हणून पेन शर्टाच्या आत काखेत धरून गरम करायचो आणि मग लिहायला बसायचो. आज बाहेर ऊन मी म्हणतंय, शाईला कसलाच त्रास नाही, तरी पहिली ओळ लिहायला सगळी सकाळ गेली. तुझी आई दोनदा डोकावून गेली. आता पेन चालू लागलंय तर सिनेमाचं सगळं पहिल्यापासून सांगतो. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी ‘झालं शूटिंग’ एवढंच म्हणालो होतो.

आपल्या धनाजीला एस.टी.चं स्टिअरिंग सुटल्यापासून घरात करमत नाही, हे तुला ठाऊकच आहे. संक्रांत झाल्यावर तो सांगत आला की वाईच्या अलीकडे एका मोठ्या सिनेमाचा सेट लागलाय, राजेरजवाड्यांचा, आणि वयस्कर, मिशावाली माणसं पाहिजेत. मला म्हणाला, “गड्या, तुझ्या मिशा वाया चालल्यात रं. ऊस काय मिशा बघून वाढतोय व्हय?” मी नको म्हणत होतो. तुझी आई आतून म्हणाली, “जावा की. दिवसभर त्या मोटरीपाशी बसून काय उजेड पाडताय?” म्हणून गेलो. आपल्या गावची पंधरा-वीस माणसं टेम्पोत बसून निघाली, अगदी लग्नाला निघाल्यासारखी.

तिथं पोचलो तर माळावर चक्क किल्ला उभा. तट, बुरूज, मोठा दरवाजा, दरवाजावर नगारखाना. लांबून बघितलं तर ऊर भरून येईल असा. जवळ जाऊन धनाजी बुरुजाला टेकला, तर बुरूज हलला. सगळं प्लायवूड आणि वरून प्लॅस्टर. तोफा फायबरच्या; एका पोरानं एका हातानं उचलून दुसरीकडे ठेवली.

सिनेमातल्या राजाचं नाव मी लिहीत नाही. सगळ्यांकडून सही घेतलीय की बाहेर कुठं काही बोलायचं नाही, आणि सही केली म्हणजे पाळायची. नुसतं ‘महाराज’ म्हणतो. गोष्ट अशी की कंपनी सरकारचा साहेब येऊन महाराजांना म्हणतो, तुम्ही आमच्याविरुद्ध कट केला असं कबूल करून सही द्या, मग गादी तुमची, वाडा तुमचा, सगळं तुमचं. महाराज म्हणतात, जे मी केलं नाही ते केलं म्हणून लिहून देणार नाही. मग त्यांना गादीवरून काढतात आणि लांब उत्तरेत नेऊन ठेवतात. तिथून ते परत येतच नाहीत. यात खरं किती आणि रचलेलं किती मला कळत नाही, पण तो सहीचा प्रसंग चालला होता तेव्हा जेवायची घंटा होऊनसुद्धा एक माणूस हलला नाही.

मला आधी दरबारात मागच्या रांगेत उभं केलं होतं. धनाजीला मात्र लाल कोट आणि टोपी दिली, कंपनीचा शिपाई म्हणून. तो रडकुंडीला आला. “मी महाराजांना पकडणार व्हय? गावात तोंड कसं दावू? मला हुजऱ्या करा, मशालजी करा, पण ह्यो कोट नगं,” म्हणून तो त्या मुलीच्या मागंमागं फिरत होता. ती मुलगी म्हणजे मयूरी. दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करते, आपल्या सांगलीचीच, तुझ्याच वयाची. कमरेला वॉकीटॉकी, डोक्याला फडकं बांधलेलं, आणि एवढ्या माणसांना एकटी हाकायची. पण आवाज कधी चढवला नाही. धनाजीला म्हणाली, “काका, कुणीतरी शिपाई झाल्याशिवाय महाराज महाराज कसे दिसणार?” शेवटी कोट घातला बिचाऱ्यानं.

चौथ्या-पाचव्या दिवशी महाराजांचं काम करणाऱ्या नटसाहेबांचा घोड्यावरून उतरताना गुडघा दुखावला. बोलायची, बसायची कामं ते करू शकत होते, पण चालायची नाहीत. तेव्हा मयूरी रांगेतनं फिरत फिरत माझ्यापाशी आली, मागं गेली, पुन्हा पुढं आली. म्हणाली, “काका, तुमची उंची बरोबर त्यांच्याएवढी आहे. पाठ तर त्यांच्याहून छान आहे. महाराज चालत लांब जातात ते सगळे शॉट तुम्ही कराल? चेहरा दिसणार नाही हं, वाईट वाटून घेऊ नका.” मला कशाला वाईट वाटतंय? घरी येऊन सांगितलं तर तुझी आई हसली. म्हणाली, “तुमची पाठ आमी सगळी नोकरीभर कराडच्या स्टँडावर बघितली. आता जगाला दावा.” हसत बोलली, पण मग बराच वेळ भाकरी थापत राहिली.

तर अशी तुझ्या आबांना राजाची पाठ मिळाली. पांढरा अंगरखा, कमरेला शेला, पायात चढाव, डोक्याला मंदील. नटसाहेब भला माणूस निघाला. खुर्चीत पाय लांब करून बसायचे आणि मला हाक मारून आपल्यातला चहा द्यायचे. म्हणायचे, “सुभेदार, अर्धा राजा मी, अर्धा तुम्ही. मला पुढून मुजरा मिळतो, तुम्हाला मागून.”

पहिलं काम लागलं ते सांगलीत, हरिपूरच्या संगमावर. महाराज नावेत बसून नदी ओलांडतात, आणि पलीकडे गेले की राज्य संपलं, असा तो प्रसंग होता. नावेत एक म्हातारा नावाडी, दोन शिपाई (त्यातला एक धनाजी) आणि मी. काठावरून कॅमेरा. सकाळी दोन-तीनदा नाव नेली-आणली आणि काम थांबलं. उतरत्या उन्हात पुन्हा एकदा न्यायची होती, तोवर सगळे मोकळे. मी कपडे बदलले, पिशवी घेतली आणि निघालो. सांगलीत यायचं आणि लेकीकडे जायचं नाही, असं कधी झालंय का? साताऱ्याचे कंदी पेढे आदल्या दिवशीच घेऊन ठेवले होते. तुला आधी कळवलं नाही, म्हटलं जरा चकित करू.

त्या दुपारचं मी शेवटी लिहितो. आधी सिनेमाचं पुरं करतो. वाचताना रागावू नकोस, आबांना सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला माहीत आहे.

संध्याकाळी नावेत बसलो. नाव पलीकडे लागली, परत आलो. मयूरी काठावर उभी होती. म्हणाली, “काका, सकाळपेक्षा आत्ताचं लय भारी झालं. खांदे बरोबर पडले होते तुमचे. असं काही सांगितलं होतं का कुणी?” मी नाही म्हणालो. धनाजी माझ्याकडे बघत होता. परतीच्या वाटेवर त्यानं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली आणि खिडकीतनं बाहेर बघत बसला. त्याचं तोंड बंद राहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

मग शिमग्याच्या आधी मोठं काम आलं, महाराज वाडा सोडून निघतात ते. साहेब त्यांना सांगतो, रात्री मागच्या दरवाजानं निघा, गाजावाजा नको, लोकांनी बघायला नको. महाराज म्हणतात, मी कुणाच्या घरात चोरी केलेली नाही. मी पुढच्या दरवाजानं, दिवसाउजेडी निघेन. ज्याला बघायचं त्यानं बघावं. आणि ते चालत निघतात. पालखी नको म्हणतात. दोन्ही बाजूंना रयत उभी, मधून वाट, मागं लाल कोटवाले. ती सगळी वाट मला चालायची होती.

सोपं वाटलं ना? मलाही वाटलं. पहिल्यांदा चाललो तर दिग्दर्शक, अनीश त्याचं नाव, अर्ध्या चड्डीतला, दाढी वाढवलेला शांत पोरगा, तो म्हणाला, “काका, परेड नको.” खरंच माझे पाय डावा-उजवा पडत होते. एवढ्या वर्षांची सवय. दुसऱ्यांदा जरा वाकून चाललो, तर म्हणाला, “आता आजारी वाटताय. त्यांना आजार नाही झालेला, त्यांचं घर सुटतंय.” तिसऱ्यांदा काय केलं ते मलाही कळलं नाही, पण लोक हसले. ऊन वर आलेलं, अंगरखा घामानं पाठीला चिकटलेला, पाचशे माणसं माझ्यामुळं खोळंबलेली. मला लाज वाटायला लागली. सगळे माझ्याकडेच बघतायत, आणि बघून मनात काहीतरी म्हणतायत, असं वाटायला लागलं. कसले महाराज, बघा कसा चाललाय.

आणि तेव्हा एकदम माझ्या मनात एक जिना आला. एका दुमजली घराचा जिना, आणि हातात एकच बॅग घेऊन तो उतरणारं एक माणूस. खाली शेजारपाजारचे लोक दारात आलेले. त्या माणसालाही असंच वाटलं असेल का, की सगळे बघतायत? मान खाली घातली असेल की सरळ ठेवली असेल? मागं वळून बघावंसं वाटलं असेल का? मी डोळे मिटून त्या माणसाच्या जागी उभा राहिलो. “अ‍ॅक्शन” म्हणाले आणि मी निघालो.

यावेळी पाय आपोआप पडले. अर्ध्या वाटेवर मला लोक दिसायला लागले. आधी दिसत नव्हते, आधी नुसते डोळे दिसत होते. आता माणसं दिसली. आपल्या गावचे, पसरणीकडचे, माणातून रोजावर आलेले. कुणाच्याच तोंडावर हसू नव्हतं. माझ्या मागून धनाजी बंदूक घेऊन चालत होता. तो माझ्यापुरतं हळूच म्हणाला, “माफ कर रं गड्या.” सिनेमात त्याला एक शब्द नव्हता.

आणि मग रयतेच्या रांगेतून एक म्हातारी पुढं आली. म्हसवडकडची, धनगराची. डोक्यावरून पदर, कपाळावर हे एवढं कुंकू, हाताला गोंदण. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांना जागेवर उभं राहायची ताकीद होती. ती सरळ माझ्यासमोर आली. मी थांबलो. तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवले, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, आणि म्हणाली, “लेकरा, नीट जा. मान खाली घालू नगंस. तू काय केलं न्हाईस. आमी हाय हितंच.”

एकसष्ट वर्षांच्या माणसाला लेकरा म्हणाली गं ती. तिकडून मयूरी धावत निघाली होती, अनीशनं हात वर करून तिला थांबवलं. कॅमेरा चालूच होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. चेहरा कॅमेऱ्याकडे नव्हता ते किती बरं झालं, असं त्या दिवशी वाटलं. मी म्हातारीच्या पायाला हात लावला आणि पुढं चालत राहिलो, दरवाजाच्या बाहेर, माळावर, पार उसाच्या फडापर्यंत. मला थांबवायला माणूस पाठवावा लागला.

ते सिनेमात ठेवतील की कापतील, देव जाणे. नंतर चहाला मी त्या म्हातारीशेजारी जाऊन बसलो. विचारलं, “आवं आजी, तुमाला पुढं या म्हणून कुणी सांगितलं?” ती बशीतला चहा फुंकत म्हणाली, “कोण सांगतंय? राजा कोण नि कंपनी कोण, मला काय ठावं न्हाई बाबा. माणूस घर सोडून चाललंय, आन् समदी नुसती बघत उभी. कुणीतरी पुढं व्हायला नगं?” एवढं बोलून तिनं मला विचारलं, बिस्कीट हाय का. मी माझी दोन्ही दिली.

त्या दिवशी घरी आलो. तुझी आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसलो आणि हरिपूरच्या दुपारची गोष्ट, जी एवढे दिवस माझ्या पोटात होती, ती तिला सांगितली. संगमावरून आलो त्या दिवशी तिनं विचारलं होतं, “पेढं दिलं का लेकीला?” मी दिले म्हणालो होतो. “काय म्हणाली?” तर आवडले म्हणाली, असंही सांगितलं होतं. आता सगळं खरं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, मला बोलेल. तिनं शेंगा फोडायच्या थांबवल्या नाहीत. म्हणाली, “मला संक्रांतीपासनं ठावं हाय.”

मी म्हटलं, कुणी सांगितलं? म्हणाली, “सांगायला कशाला पायजे? आदी फोनवर म्हणायची, आमी जेवलो, आमी बाजारात गेल्तो. आता म्हणती, मी जेवले, मी झोपते. आईला तेवडं कळत न्हाई व्हय?” मग मला का नाही सांगितलंस, विचारलं. तर म्हणाली, तुमचं बीपी आणि तुमचा राग, दोन्हीची भीती वाटली. काठी घेऊन जावयाच्या दारात गेला असता. म्हणजे बघ, एका ताटात जेवणारी आम्ही दोघं. तिला कळू नये म्हणून मी धडपडतोय, मला कळू नये म्हणून ती. आणि आम्हा दोघांना कळू नये म्हणून तू तिकडे दर रविवारी फोनवर हसून बोलतेस, ‘उदय जरा बाहेर गेलेत, आबा.’

तर आता ती दुपार. विश्रामबागेतल्या तुमच्या घरी मी जिना चढून वर गेलो. दाराला कुलूप होतं. ड्युटीवर असशील म्हणून खाली आलो, तर तळमजल्यावरच्या चारुलताबाईंनी मला ओळखलं. घरात बोलावलं, पाणी दिलं. मी म्हटलं, क्रांती कधी येते? त्या माझ्या पिशवीकडे बघत राहिल्या. पेढ्यांचा पुडा वरच दिसत होता. मग म्हणाल्या, “तिनं मला कुणाला सांगू नका म्हटलंय. पण तुम्हाला असंच परत पाठवायला मला जमणार नाही. क्रांती दिवाळीनंतर इथून गेली. एकटीच. सुखरूप आहे, नोकरी चालू आहे, मिरजेत खोली घेतलीय.” तू गेलीस त्या दिवशी काय झालं, हेही त्या सांगायला लागल्या, पण मी हात जोडले. म्हटलं, ते तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. फक्त एवढं विचारलं, जाताना तिच्यासोबत कोण होतं? त्या म्हणाल्या, कुणी नाही. एक बॅग होती. मी दारात उभी होते, पण काय बोलावं मला सुचलं नाही. बोलताना बाईंचे डोळे भरले. पेढे मी त्यांनाच दिले. त्यांनी तुझा पत्ता दिला.

तिथून बस धरून मिरजेला आलो. तंबोऱ्यांच्या दुकानांच्या त्या गल्लीत तुझ्या खोलीसमोर चहाची टपरी आहे, तिथं बाकावर बसलो. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. जुळेना. तेवढ्यात तू आलीस. स्कूटर लावलीस, डिकीतून लॅबचा पांढरा कोट काढलास, आणि भाजीवालीपाशी थांबलीस. ती काहीतरी बोलली आणि तू हसलीस. मान मागं टाकून, डोळे मिटून, आवाज करून. लहानपणी विहिरीत सूर मारून वर आल्यावर हसायचीस ना, तसं. क्रांती, ते हसणं मी तुझ्या लग्नानंतर एकदाही ऐकलं नव्हतं. गावी आलीस की तू बोलायचीस, कामाला हात लावायचीस, पण फोन वाजला की तो उचलून परड्यात जायचीस आणि परत यायचीस ती वेगळीच. मला ते दिसायचं, पण नवा संसार आहे, होईल, असं मी मनाला सांगायचो.

मी उठलो होतो. दहा पावलांवर होतीस. पण मला वाटलं, आत्ता मी समोर गेलो तर हे हसणं जागच्या जागी विझेल. आबांना काय सांगू, आबांची मान खाली जाईल, हेच तुझ्या तोंडावर येईल. म्हणून बसलो. तू कोथिंबीर घेतलीस, कुलूप काढलंस, आत गेलीस. खिडकी उघडलीस. मी आणखी एक चहा घेतला आणि संगमावर परत गेलो. माझे खांदे कशानं पडले होते ते मयूरीला कळलं नाही, पण खोटं कशाला सांगू, ते सगळंच दुःखानं पडले नव्हते. तू सुखरूप होतीस. तू हसत होतीस.

पाकिटावर मिरजेचा पत्ता बघून तू दचकली असशील, आणि राजाची गोष्ट वाचत वाचत इथपर्यंत छातीत धडधड घेऊन आली असशील. आता पुरे कर ती धडधड. तुझं लग्न मी हौसेनं ठरवलं, गावजेवण घातलं, म्हणून तू गप्प राहिलीस, हे मला कळतं. पण माझी मान काही तुझ्या संसारावर टेकून उभी नाही, पोरी. तू काय सोसलंस ते विचारणार नाही. तुला बोलायचं असेल तेव्हा मी ऐकीन, आणि वकील लागला, कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर शेजारी मी असेन, काठी न घेता. गावाची काळजी करू नकोस. त्या वाटेनं मी चालून बघितलंय. जाणाऱ्याला वाटतं सगळे हसतायत, पण तसं नसतं. बहुतेकांना नुसतं काय बोलावं ते सुचत नाही. कुणीतरी आधी पुढं व्हावं लागतं, एवढंच. त्या दिवशी जिन्याखाली आम्ही असायला हवं होतं. नव्हतो, कारण आम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून हे पत्र. तुला गावी यायचं असेल तर ये, भर दुपारी ये, स्टँडवरून आपण तिघं चालत घरी जाऊ. मिरजेतच राहायचं असेल तर तिथं राहा, ती खोली आम्हाला आवडली आहे. तुझी आई शेजारी बसून विचारतेय की खोलीत मिक्सर आहे की पाटा-वरवंटा आणू, आणि मी ते लिहितोय की नाही हे वाकून बघतेय. रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघतोय. येऊ नका असं वाटलं तर फोन कर, अजिबात वाईट वाटणार नाही, पुन्हा कधीतरी येऊ. आणि यावं असं वाटलं तर फोन करू नकोस. चहाचं आधण ठेव फक्त.

तुझाच,
आबा